चौथा लॅच

"सर, एक मिनिट येता का? हा लॅच असाच असतो का?"

जुलै महिना, पहाटेचे पावणेपाच, मुंबई विमानतळाचा ॲप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, वरून पाऊस नुसता ओततोय, आणि विमानाच्या उजव्या इंजिनाखाली एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट मुलगी उकिडवी बसून टॉर्च वर धरून मला विचारतेय. पंचवीस-सव्वीसची असेल. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली असणार, म्हणून मराठीत बोलली. मी वाकलो. वाकताना मनात काय होतं ते खरं सांगतो, मनात होतं की नवीन मुलं आहेत, पावसाचं पाणी ठिबकताना दिसलं असेल, आता पाच मिनिटं जाणार. मग मी बघितलं. फॅन काऊलचा चौथा लॅच खाली लोंबत होता. आणि त्याच विमानाच्या टेक लॉगवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदवहीवर, सगळं ठीक आहे म्हणून मी, त्याचा इंजिनियर, तासाभरापूर्वी सही करून बसलो होतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पुढच्या भागावर दोन बाजूंनी दोन मोठी झाकणं असतात, कपाटाच्या दारांसारखी, फक्त बिजागऱ्या वरच्या बाजूला असतात आणि दारं खाली इंजिनाच्या पोटाशी येऊन एकमेकांना भेटतात. तिथे लॅच असतात, आमच्या त्या विमानाला प्रत्येक इंजिनाला चार. ऑइल बघायचं, फिल्टर बघायचा, काहीही करायचं तर आधी ही दारं उघडायची. काम झालं की दारं खाली सोडायची आणि लॅच लावायचे. गोची अशी आहे की दारं स्वतःच्या वजनानेच जवळजवळ बंद होतात, म्हणजे उभ्या माणसाला लॅच लावलेलं इंजिन आणि न लावलेलं इंजिन सारखंच दिसतं. अशा विमानांचं इंजिन जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर असतं, त्याचं पोट बघायचं तर उकिडवं बसावं लागतं, आणि नीट बघायचं तर जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि ती जमीन म्हणजे पावसात तेलकट पाण्याने भरलेली काँक्रीटची फरशी. पांढऱ्या शर्टातला माणूस तिथे का बसेल? ती बसली.

रात्री काय झालं होतं तेही सांगून टाकतो. विमान नाइट हॉल्टला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला होतं. एक साधा स्नॅग, म्हणजे बारीक बिघाड होता, काऊल उघडायला लागणार होतं एवढंच. मी आणि माझ्याबरोबरचा टेक्निशियन, दोघांनी काम केलं, दारं खाली घेतली, मी खाली बसून पुढून मागे लॅच लावत चाललो होतो आणि तिसऱ्यावर असताना रेडिओवर हाक आली की पलीकडच्या बेवर टायर बदलायचाय, जॅक घेऊन कोण येतंय. मी उठलो. उठताना टेक्निशियनला काहीतरी म्हणालो, तो म्हणतो की तुम्ही "झालं" म्हणालात, मला वाटतं मी "झालंच" म्हणालो असेन. एका "च" चा फरक. त्याला वाटलं मी लावले, मला वाटलं तो उरलेला लावेल, आणि परत आल्यावर मी विमानाकडे उभ्यानेच बघितलं, दारं बंद दिसली, आणि सही केली. चोवीस वर्षं ह्याच कामात होतो तेव्हा. चोवीस वर्षांत किती हजार लॅच लावले असतील, आणि डोळ्यांना इतकी सवय झाली होती लावलेले लॅच बघायची, की न बघताही मला ते लावलेलेच दिसले.

तिथे खाली बसून मी आधी चौथा लॅच लावला नाही. हे एक त्या वेळी बरोबर केलं असं म्हणेन. सगळे लॅच उघडले आणि पहिल्यापासून परत लावायला घेतले, आणि तेव्हा कळलं की तिसराही लागलेला नव्हता. त्याचं हँडल वर दाबून सपाट बसलं होतं, बोट फिरवलं तरी गुळगुळीत लागावं असं, पण आतला हुक पकडलेलाच नव्हता. म्हणजे लोंबणारा एक दिसला म्हणून न दिसणारा दुसरा सापडला. ती मुलगी मागे उभी राहून टॉर्च धरून होती, तिला मी हे सांगितलं, ती काहीच बोलली नाही, फक्त डाव्या इंजिनाकडे गेली आणि तिथेही खाली बसली.

ह्या दारांचं काय होऊ शकतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. २४ मे २०१३ ला लंडनच्या हीथ्रोवरून ऑस्लोला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं ए-३१९ उडालं आणि धावपट्टीवरच दोन्ही इंजिनांची दारं उपटून निघून गेली. एका इंजिनाची नाही, दोन्हींची. जाताना उजव्या इंजिनाची इंधनाची नळी फोडून गेली, त्या इंजिनाला आग लागली, आणि ८० माणसं घेऊन वैमानिकांनी एका इंजिनावर विमान परत आणलं. सगळे वाचले. नंतर ब्रिटनच्या तपास संस्थेने जे शोधून काढलं ते वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण त्यात कुणीही मूर्ख नव्हतं. रात्रपाळीच्या दोन टेक्निशियननी दोन्ही इंजिनांची दारं उघडून तपासलं, जनरेटरमध्ये ऑइल घालायचं होतं पण सामान जवळ नव्हतं, म्हणून दारं थोडी खाली घेऊन, लॅच न लावता, ते दुसऱ्या कामांना गेले. नंतर सामान घेऊन परत आले ते तिथेच उभ्या असलेल्या तसल्याच दुसऱ्या विमानापाशी. तिथे दारं बंद, ऑइलही बरोबर. त्यांना वाटलं मधल्या वेळात कुणीतरी काम उरकलं. सकाळी को-पायलटने उड्डाणाआधीच्या तपासणीसाठी विमानाभोवती फेरी मारली, त्यालाही दिसलं नाही. ह्याआधी जगभरात ह्या जातीच्या विमानांची दारं अशी तीसहून जास्त वेळा उडालेली होती, म्हणजे ती फेरी मारणारे तीसपेक्षा जास्त लोक त्या उघड्या लॅचांच्या शेजारून चालत गेले होते.

आणि हे काही लंडनचंच नाही. ९ फेब्रुवारी २०२२ ला आपल्या मुंबईहून भुजला जाणाऱ्या एटीआर विमानाच्या इंजिनाचं झाकण उड्डाणाच्या वेळी निघून धावपट्टीवर पडलं. विमानात ७० माणसं होती, ती भुजला सुखरूप उतरली. ती बातमी टीव्हीवर बघत होतो तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, तुमच्यासारखंच ना?" तोपर्यंत मी तिला सांगितलेलं होतं. हो, आमच्यासारखंच म्हणालो, फक्त आमच्यावेळी कुणीतरी खाली बसलं होतं.

आता इथे मला जे खरं म्हणायचंय ते सुरू होतं. हीथ्रोचा रिपोर्ट आहे, कुणीही वाचू शकतो. मुंबई-भुजच्या बातम्या आहेत. माझ्या त्या पहाटेचं कुठे काही आहे का? विमान जमिनीवरच होतं, लॅच लावायला मोजून दोन मिनिटं, सगळं पुन्हा तपासायला अजून काही, एकूण विमान ११ मिनिटं उशिरा निघालं. प्रवाशांना वाटलं पावसामुळे. उडण्याआधी सापडलेल्या चुकीचं हेच होतं, ती जिथे सापडते तिथेच मिटते, आणि मिटली की झालीच नव्हती असं सगळे वागायला लागतात, चूक करणारासुद्धा.

सापडली नाही की मात्र जग जागं होतं. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७. आदल्या कामात विमान धुतलं होतं, धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या बारीक भोकांवर, टेप चिकटवली होती, पाणी जाऊ नये म्हणून. चिकटवलीच पाहिजे. पण नंतर काढायची राहिली. चंदेरी टेप, चंदेरी पत्रा, रात्रीची वेळ. कॅप्टन फेरी मारून आले, त्यांना दिसली नाही. मध्यरात्रीनंतर समुद्रावर अंधारात ना खरी उंची कळेना ना खरा वेग, एकाच वेळी जास्त वेगाची आणि कमी वेगाची धोक्याची सूचना वाजत होती. त्यांनी कंट्रोलरला उंची विचारली, त्याने सांगितली, पण त्याच्या पडद्यावरचा उंचीचा आकडा त्याच विमानातून, त्याच बुजलेल्या भोकांवरून येत होता. त्यांची चूक त्यांनाच परत ऐकवली जात होती. ७० जण गेले. ज्याने ती टेप लावली होती त्या कामगाराला कोर्टाने दोषी ठरवलं. मी पुष्कळदा त्या माणसाचा विचार करतो. त्याने लावलेली टेप वीस सेकंदांत निघाली असती, जर फेरी मारणाऱ्याला ती दिसली असती.

ब्रिस्बेनची गोष्ट तर मला अगदी घरची वाटते. तिथे एक माशी आहे, आपल्या कुंभारीण माशीच्या जातकुळीतली. आमच्या गावच्या घरी, रत्नागिरीकडे, दोन महिने घर बंद राहिलं की कुलपाच्या भोकात कुंभारणीने मातीचं घर केलेलं असायचं, किल्ली आत जायची नाही, आई सुईने कोरून काढायची. ब्रिस्बेनची माशी तेच विमानाच्या पिटो नळ्यांत करते. त्या नळ्यांवरून विमानाचा वेग कळतो. म्हणून तिथे विमान उभं असताना नळ्यांवर टोप्या घालतात, त्यांना लाल पट्ट्या लोंबत असतात, लांबूनही दिसाव्यात म्हणून. १८ जुलै २०१८ ला रात्री क्वालालंपूरला जाणारं मलेशिया एअरलाइन्सचं ए-३३० तिन्ही टोप्यांसकट उडालं. इंजिनियरने काढल्या नाहीत, वैमानिकाच्या फेरीत दिसल्या नाहीत, विमान ढकलणाऱ्यांनाही दिसल्या नाहीत. धावपट्टीवर धावताना वेग दिसेना तरीही ते थांबले नाहीत, वर गेले, आणि मग वेगाशिवाय विमान कसं उडवायचं ते करत करत तासाभराने परत ब्रिस्बेनला उतरले. सगळे सुखरूप. लाल पट्टीसुद्धा दिसत नाही माणसाला, हे मला ह्या एका गोष्टीने पटलं. पट्टी कमी लाल होती असं नाही. बघणारा "सगळं ठीक असेल" हे आधीच ठरवून आलेला असतो, आणि ठरवून आलेल्याला तेच दिसतं. मी त्या रात्री उभ्याने इंजिनाकडे बघितलं तेव्हा माझंही तेच झालं होतं.

वैमानिकाची शेवटची तपासणी असते ती कंट्रोल चेक. दांडा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, पाय दाबून रडर. दहा सेकंदांचं काम. २० मार्च २००१ ला फ्रँकफर्टला लुफ्तान्झाच्या ए-३२० मध्ये कॅप्टनच्या बाजूच्या साइडस्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, वायरी दुरुस्तीत उलट्या जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलणार आणि उजवीकडे वळवलं की डावीकडे. चेक केला होता. पण बघितलं गेलं ते एवढंच की पंखावरचा भाग हलतोय, कुठल्या बाजूला हलतोय ते नाही. जमीन सुटल्याबरोबर डावा पंख खाली गेला, कॅप्टनने सावरायला दांडा उजवीकडे नेला तर पंख अजून खाली, टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं, आणि तेवढ्यात को-पायलटने बटण दाबून ताबा आपल्याकडे घेतला. त्याची साइडस्टिक सरळ होती. सतरा वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०१८ ला, पोर्तुगालात आल्वेर्काला मोठी दुरुस्ती करून निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर विमानात परत तेच. ह्यावेळी एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या भागांच्या, केबलीच उलट्या, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच, त्यामुळे ताबा कुणाकडे द्यायला मार्गच नव्हता. आत सहा जण, त्यातले तीन टेक्निशियन. एका क्षणी तर त्यांनी समुद्रात उतरवण्यासाठी दिशा मागितली होती. तिसऱ्या प्रयत्नात बेजाच्या तळावर उतरले. ह्या विमानाचाही उड्डाणाआधी कंट्रोल चेक झालाच होता. मला त्या तीन टेक्निशियनबद्दल वाटत राहतं. आमच्यातले किती जण स्वतः सही केलेल्या विमानात बसतात? प्रत्येकाने कधीतरी बसावं.

चेकलिस्ट म्हणून जो कागद आज सगळे वापरतात, त्याची सुरुवातच अशा एका न सापडलेल्या गोष्टीतून झाली. ३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं नवं बाँबर, मॉडेल २९९, उडालं आणि वर जाऊन कोसळलं, कारण वाऱ्याने शेपटीचे भाग आपटू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. चाचणी उडवणारे त्या काळातले नावाजलेले वैमानिक मेजर प्लॉयर हिल गेले. त्यानंतर लोकांनी ठरवलं की अनुभवावर सोडायचं नाही, कागदावर लिहायचं आणि वाचायचं. आणि तरीही ३१ मे २०१४ ला बॉस्टनजवळ बेडफर्डला एक खासगी गल्फस्ट्रीम त्याच कारणाने, लॉक तसंच ठेवून, धावपट्टीच्या पुढे गेलं आणि सातही जण गेले. तपासात निघालं की त्या दोन वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा पूर्ण कंट्रोल चेक केलेलाच नव्हता. इतक्या वेळा न करून काही झालं नाही, म्हणून पुढच्या वेळीही केला नाही. कागद होता, वाचला नाही.

म्हणून मी म्हणतो की सापडलेल्या चुका सांगितल्या पाहिजेत, तितक्याच मोठ्याने जितक्या न सापडलेल्या सांगतो. अमेरिकेत १९७६ पासून ह्यासाठी एक व्यवस्था आहे. वैमानिक, कंट्रोलर, टेक्निशियन, कुणीही आपली किंवा आपल्यासमोर झालेली चूक लिहून पाठवायची, आणि ती पाठवायची नासाकडे, परवाना देणाऱ्या-काढणाऱ्या खात्याकडे नाही. नाव काढून टाकलं जातं. मुद्दाम केलेली चूक नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर शिक्षेतूनही सूट मिळते. त्यातले निवडक किस्से दर महिन्याला छापून वाटतात. एकाने पिन काढायची राहिलेली बघितली, एकाने पॅनेलचा स्क्रू नसलेला बघितला, सगळं जमिनीवर, सगळं उडण्याआधी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवसाची नोंद ठेवणं.

आता त्या पहाटेचं उरलेलं. कॅप्टन खाली उतरून आले, पन्नाशीचे, शांत. त्यांनी वाकून बघितलं, मला म्हणाले, "एंट्री करा, मी वर थांबतो." बस. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. खालचा ड्यूटीवरचा माणूस मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला की साहेब, डिलेचं कारण बॅगेज टाकतो, लोडिंगला तसाही वेळ लागलाच, तुम्ही टेक लॉगमध्ये कशाला लिहिताय, लॅच लावला की झालं. तो वाईट माणूस नव्हता. मला वाचवत होता. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, डोक्यावर हप्ते होते, हे त्याला माहीत होतं. आणि मी खोटं सांगणार नाही, पेन हातात घेऊन मी थांबलो. किती वेळ ते नाही सांगता येणार, पण थांबलो. मला काय वाटलं असेल तर ते एवढंच की ती मुलगी वर कॉकपिटमध्ये बसलीय, टेक लॉग तिच्यासमोर जाणार आहे, आणि तिने त्यात माझ्या जुन्या सहीशिवाय काही बघितलं नाही तर तिला काय कळेल? की खाली बसून काही उपयोग नसतो, सापडलं तरी ते बॅगेज होतं. पुढच्या पावसात ती बसेल का?

लिहिलं. पुढे जे व्हायचं ते झालं, मेमो आला, काही आठवडे सही करायचा अधिकार काढून घेतला, एका वर्गात बसवून पुन्हा शिकवलं, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाने. बरोबरच होतं ते. ज्याचा मला राग आला असं म्हणता येईल ती गोष्ट वेगळीच. त्या चौकशीत तीन वेळा मला विचारलं गेलं की लॅच कसा राहिला, पण तिला कुणी एकदाही विचारलं नाही की तो तुला दिसला कसा. मला विचारायचं होतं. शिकवायला ते जास्त उपयोगाचं होतं.

म्हणून मीच विचारलं. साधारण सहा महिन्यांनी ती परत एका नाइट हॉल्टच्या विमानावर आली, तोपर्यंत पाऊस नव्हता, जानेवारी असेल. म्हणाली, "सर, माझे बाबा एसटीत मेकॅनिक होते, सांगली डेपोला. ते म्हणायचे गाडी उभ्याने बघायची नसते." आणि बोलता बोलता ती इंजिनाखाली बसली. मी टॉर्च धरली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाला तिने हाताने खाली ओढून बघितलं, हुक धरतोय की नाही ते, नुसतं हँडल बघून सोडलं नाही. तिसऱ्यापाशी आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि जरा जास्त जोराने ओढला.